पोरांच्या इंग्रजीचा उतारा कसा वाढेल?

सभासद बंधु-भगिनींनो,

एरवी या पानावर आम्ही बेणे, खते, पाणी आणि तोडणी यांविषयी लिहितो. आजही तेच असेल म्हणून आपण पान उघडले असेल तर एवढ्या अंकापुरती माफी असावी. आजचा विषय निराळा आहे, पण तो आपल्याच घरातला आहे. बारावी होऊन कॉलेजला गेलेली किंवा जाणारी आपली मुले-मुली, आणि त्यांना पहिल्याच वर्षी अडवणारी इंग्रजी, यांविषयी आज लिहावयाचे आहे.

गेल्या दिवाळीत उसाच्या नोंदी तपासायला आम्ही गटात फिरत होतो. एका वस्तीवर तात्यांनी बांधावरच हाक मारली.

"साहेब, नोंदीचं नंतर बघू. आधी घरात या. पोरगी परत कॉलेजला जात न्हाई म्हणती."

तात्यांची ही धाकटी मुलगी. बारावी सायन्सला चांगले मार्क पडले, कृषी पदवीला नंबर लागला. त्या घरातून पदवीला गेलेली ती पहिलीच. दिवाळीच्या सुट्टीला आली ती वळकटीसकट. आजी चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "नसंल जमत तर ऱ्हाऊ द्या. दोन स्थळं हाईतच." तात्या काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

पोरीला विचारले तर म्हणाली, "काका, वर्गात ऐकताना कळल्यासारखं वाटतं. खोलीवर येऊन पुस्तक उघडलं की एक पान संपत नाही. पेपरात तर पाठ केलेलं मध्येच तुटतं, मग पुढचं काहीच आठवत नाही."

आम्ही पुस्तक मागून घेतले. पान जमिनीतील नत्रावर होते. जवळजवळ प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेला. कष्ट दिसत होते. आम्ही विचारले, "बाळ, या पानात सांगितलंय काय?" तिला सांगता आले नाही. मग तेच मराठीतून विचारले: युरिया जमिनीवर उघडा टाकला तर काय होते, मातीआड का करायचा, पाणी जादा झाले तर नत्र जाते कुठे? तिने न अडखळता सांगितले. म्हणजे डोके कमी नव्हते आणि विषयही ठाऊक होता. अडचण होती ती एवढीच, की कॉलेजच्या पायरीचे इंग्रजी वाचायचे कसे आणि लिहायचे कसे हे तिला कोणी शिकवलेच नव्हते.

आमची स्वतःची चूक

हे दुःख आम्हाला परके नाही. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. २००० सालापासून ती राज्यातल्या सर्व शाळांत पहिलीपासून आली. आमची कृषी पदविका मराठीतून झाली. नोकरीला लागलो तेव्हा आम्हाला वाटे, शब्दांचे अर्थ येतात म्हणजे इंग्रजी येते.

पहिल्याच वर्षी उगवणीपूर्वी मारायच्या तणनाशकाचे एक इंग्रजी माहितीपत्रक आमच्या हाती आले. त्यात लिहिले होते, जमिनीत ओल असल्याशिवाय फवारू नका. इंग्रजीत त्या 'शिवाय'साठी 'अनलेस' हा शब्द होता. आम्ही 'डू नॉट' वाचले, 'मॉइस्ट' वाचले आणि मधला 'अनलेस' सोडून दिला. एका सभासदाला ठामपणे सांगून आलो, "ओलीवर मारू नका, रान सुकू द्या." त्यांनी ऐकले. औषध कोरड्या मातीवर पडून राहिले आणि तण उसाच्या वर गेले. त्या गृहस्थांना दोनदा खुरपणीला बाया लावाव्या लागल्या. आम्हाला ते एवढेच म्हणाले, "होतं साहेब." ते शब्द आम्हाला अजून टोचतात. एका शब्दाने रान वाया जाते, मग परीक्षा जाईल यात नवल काय?

हाडाचे शब्द किती?

गटऑफिसात दर रविवारी इंग्रजीचे एक निवृत्त सर मुलांना शिकवतात. बारावीची परीक्षा संपली की जूनपर्यंत कॉलेजला जाणाऱ्यांची पूर्वतयारी, आणि पुढे सुट्टीला आलेल्यांसाठीही दार उघडे. आम्ही तात्यांच्या मुलीला तिथे नेले आणि स्वतःही मागच्या बाकावर बसलो. तिथे जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवतो.

सरांनी पहिल्या दिवशी सांगितले, सगळी डिक्शनरी पाठ करायची नाही. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात होते. बंगालच्या मुलांचा अभ्यास करून १९२६ साली त्यांनी लिहिले, की आपल्याकडच्या मुलाला आधी इंग्रजी वाचता आले पाहिजे. कारण शाळा मध्येच सुटली तरी वाचता येणे त्याच्या हाती राहते. विम्याची पॉलिसी मध्येच मोडली तर सरेंडर व्हॅल्यू मिळते ना? हाच शब्द त्यांनी शिक्षणाला लावला. पुढे १९५३ साली त्यांनी रोजच्या वापरातल्या सुमारे २००० मूळ शब्दांची यादी छापली.

न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली दुसरी यादी दिली. कॉलेजच्या पुस्तकांत विषय कोणताही असो, पुन्हा पुन्हा येणारे ५७० शब्दगट त्यांनी काढले. फॅक्टर, प्रोसेस, सोर्स, सिग्निफिकंट, इंडिकेट, रिक्वायर असे. त्यांच्या मोजणीप्रमाणे कॉलेजच्या मजकुरातील शंभर शब्दांपैकी सुमारे ७६ शब्द वेस्ट यांच्या यादीतले आणि सुमारे १० या ५७० गटांतले असतात. दिवसाला पाच गट धरले तर ही दुसरी यादी चार महिन्यांच्या आत होते. राहिलेले विषयाचे शब्द. त्यातले नायट्रोजन, फॉस्फरस, व्हरायटी हे तर आपल्या पोरांनी बांधावरच ऐकलेले असतात.

पान वाचायचे कसे?

आपण नवे रान घ्यायचे म्हटले तर लगेच नांगर घालत नाही. आधी चारी बाजूंनी फिरून बघतो. पाणी कुठले, उतार कुठला, माती कशी. पानाचेही तसेच. अमेरिकेतील फ्रान्सिस रॉबिन्सन या प्राध्यापकांनी कॉलेजच्या मुलांसाठी पाच पायऱ्यांची रीत घालून दिली. १९४६ सालच्या त्यांच्या पुस्तकात ती आहे. ती अशी:

१) आधी पाहा. मथळा, ठळक अक्षरे, आकृत्या आणि शेवटचा परिच्छेद यांवरून नजर फिरवा.
२) मग विचारा. मथळ्याचाच प्रश्न करा. 'नत्राचा ऱ्हास' असा मथळा असेल तर, ऱ्हास कशाने होतो?
३) आता वाचा, पण त्या प्रश्नाचे उत्तर शोधत. शब्द अडला की लगेच डिक्शनरी उघडू नका. वाक्य पुरे करा. पुष्कळदा मागच्यापुढच्यावरून अर्थ लागतो.
४) पुस्तक मिटून सांगा. सर म्हणतात, सुरुवातीला मराठीत सांगितले तरी चालेल. सांगता आले नाही तर ते वाचलेच नाही असे समजा.
५) दुसऱ्या दिवशी परत पाहा.

दोन गोष्टींवर सरांचा विशेष भर असतो. एक म्हणजे कर्ता आणि क्रियापद. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत बहुधा कर्त्याच्या मागोमाग. लांबलचक वाक्य आले की ही जोडी आधी पकडा. बाकीचे शब्द तिच्याभोवतीचे असतात. दुसरी गोष्ट म्हणजे वळणाचे शब्द: हाउएव्हर, देअरफोर, ऑलदो, अनलेस. दारे मोडले की पाणी दुसऱ्या सरीला वळते, तसा या शब्दांवर अर्थ वळतो. मुलांनी त्यांना पेन्सिलीने गोल करावा. 'अनलेस'ला आम्ही आता दोन गोल करतो!

लिहायचे कसे?

मराठीत पुस्तकातल्या मजकुराला उतारा म्हणतात आणि कारखान्यात साखरेच्या प्रमाणालाही उताराच म्हणतात. शंभर टन ऊस गाळला की अकरा टनांच्या आसपास साखर मिळते. एक पान वाचून चार ओळींत त्याचे सार लिहिणे म्हणजे पानाचा उतारा काढणे. मोळीच्या मोळी गोदामात ठेवली तर तिला साखर म्हणत नाहीत. तसेच पुस्तकातली वाक्ये जशीच्या तशी उतरवली तर त्याला लिहिणे म्हणत नाहीत.

तात्यांच्या मुलीची खोड हीच होती. झेरॉक्सच्या नोट्स पाठ करायच्या आणि पेपरात ओतायच्या. एक शब्द विसरला की साखळी तुटे. सरांनी नियम घातला, वाचा, पुस्तक मिटा आणि स्वतःच्या शब्दांत लिहा. वाक्ये लहान असली तरी चालतील, पण ती स्वतःची पाहिजेत.

परिच्छेदाचा नियमही साधा आहे. एका प्लॉटात दोन जातींचे बेणे मिसळत नाही, तसे एका परिच्छेदात एकच मुद्दा. पहिल्या वाक्यात तो सांगायचा. पुढच्या तीन-चार वाक्यांत त्याचे कारण, उदाहरण, आकडा द्यायचा. शेवटी गाठ मारायची. सरांनी तिला विषय दिला, पट्टा पद्धतीने लागण का करावी? तिने पहिल्यांदा लिहिले त्यात पट्टा, ठिबक, हुमणी आणि ऊसदर सगळेच आले! सरांनी रागावण्याऐवजी विचारले, "यातले तुला नेमके कोणते सांगायचे आहे?" तिने हवा आणि उजेडाचा मुद्दा ठेवला, बाकीचे काढले. पाच वाक्ये उरली. ती वाचणाऱ्याला कळत होती.

एकदा लिहून काम संपत नाही. पहिले लिखाण म्हणजे बाळबांधणी, मोठी बांधणी नंतर करायची. दुसऱ्यांदा वाचताना आधी अर्थ तपासायचा आणि मग व्याकरण. आपली मुले आधी स्पेलिंगला भितात आणि त्या भीतीने लिहीतच नाहीत.

पालकांनी काय करावे?

तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी बोलायला शिकवू, अशा पाट्या तालुक्याला जागोजागी दिसतात. फी भरण्यापूर्वी एवढेच विचारा, माझा मुलगा पान वाचून सार लिहायला शिकेल का? बोलणे वाईट नाही, पण कॉलेजचा पेपर लिहून द्यायचा असतो. शिवाय ही दोन डोसांत येणारी गोष्ट नाही. आडसालीला सोळा-अठरा महिने देतो, तेवढा धीर इथेही धरावा. रोज अर्धा तास, एक पान आणि पाच ओळी.

मोबाईल पानावर धरला की मराठी होऊन मिळते. जरूर वापरावा, आम्हीही वापरतो. मात्र आधी स्वतः वाचावे आणि मग ताडून पाहावे. परीक्षेच्या हॉलमध्ये मोबाईल नसतो.

कोणी म्हणेल, आता शिक्षण मराठीतून होऊ लागले आहे. २०२१ साली तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीची पदवी मराठीतूनही शिकवायला मोकळीक दिली. ती चांगलीच गोष्ट झाली. पण वरच्या वर्गांचे संदर्भग्रंथ आणि नवे संशोधन आजही बहुतेक इंग्रजीतच असते, आणि ते आपल्या पोरांना वाचता आले पाहिजे.

आपल्याला इंग्रजी येत नसेल तरी एक काम आपण करू शकतो. रात्री जेवताना विचारा, "आज काय वाचलंस? आम्हाला मराठीत सांग." ही चौथी पायरी आहे आणि तिला आईबापाचे इंग्रजी लागत नाही.

तात्यांची मुलगी सुट्टी संपल्यावर परत गेली. पहिल्या सत्रात राहिलेला विषय तिने पुढच्या सत्रात सोडवला. मार्क बेताचेच आहेत. अजून वेळ लागतो, पण पान संपते असे सांगते. गेल्या महिन्यात आम्ही वस्तीवर गेलो तेव्हा ती सुट्टीला आलेली होती. औषधाच्या डब्यावरचे बारीक इंग्रजी वाचून आजीला मराठीत समजावत होती. आजी मान हलवत ऐकत होत्या. स्थळांची गोष्ट निघाली नाही.

त्याच दिवाळीत आणखी एक मुलगा कॉलेज सोडून आला होता. त्याच्याकडे आम्ही वेळेवर पोचलो नाही. आज तो मोटारसायकलवर दूध घालतो. कष्टाचे काम आहे, त्यात कमीपणा नाही. पण ते त्याने निवडलेले नव्हते, एवढीच खंत आहे.

तेव्हा सभासदहो, आपल्या घरी, भावकीत, शेजारी कोणी बारावीची परीक्षा दिलेले असेल तर त्याला येत्या रविवारी सकाळी दहाला गटऑफिसात पाठवा. फी नाही. सोबत एक वही आणि पेन्सिल द्यावी. मुलींना आवर्जून पाठवा. आणि कोणी वळकटी घेऊन परत आले असेल तर रागावू नका, आम्हाला निरोप द्या. नोंदी तपासायला येणारच आहोत, तेव्हा घरातही येऊ.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग