एकाच पदार्थावर राहून वजन उतरवावे काय?

आठवडाभर नुसती केळी खा, नुसती काकडी खा, नुसते उकडलेले बटाटे खा, असे वजन उतरविण्याचे सल्ले वस्तीत, कॉलेजात आणि कचेरीत सर्रास ऐकू येतात. चार-आठ दिवसांत काटा खाली येतो आणि आपला विश्वास बसतो. परंतु शरीरातून नेमके काय कमी झाले, हे आपण पाहत नाही.

यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेन या रूपाने साखरेचा साठा असतो. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठलेले असते. खाणे एकदम तोडले की हा साठा संपतो व पाणी लघवीवाटे जाते. पहिल्या आठवड्यातील घट बरीचशी या पाण्याची असते. नेहमीचे जेवण सुरू होताच ते परत येते. पुढे चरबी थोडी घटते, ती मात्र त्या पदार्थाच्या गुणाने नव्हे. एकच चव नकोशी होते, म्हणून आपण कमी खातो, इतकेच.

आता हिशेब पाहू. मध्यम केळ्यात सुमारे १०० कॅलरी व सव्वा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. दिवसाला १२ केळी खाल्ली तरी प्रथिने १५ ग्रॅमच्या घरात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला रोज सुमारे ४६ ग्रॅम हवीत. ही तूट शरीर स्वतःच्या स्नायूंतून भरून काढते. शिवाय केळ्यात ब-१२ जीवनसत्त्व नसते, कॅल्शियम व लोहही अल्पच.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या बटाटा आयोगाचे प्रमुख क्रिस व्हॉइट यांनी २०१० साली ६० दिवस रोज २० बटाटे खाल्ले. त्यांचे वजन सुमारे साडेनऊ किलोंनी उतरले. पण एका माणसाचे दोन महिने हा सर्वांसाठी नियम होऊ शकत नाही.

इतिहास वेगळेच सांगतो. जपानच्या नौदलात मुख्यतः सडलेल्या पांढऱ्या तांदळावर राहणाऱ्या खलाशांना बेरीबेरी होई. १८८० च्या दशकात डॉ. ताकाकी कानेहिरो यांनी आहारात बदल केला आणि रोग हटला. आपल्या दख्खनमध्ये प्रामुख्याने ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा आढळे. हैदराबादला डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. दोष केवळ ज्वारीचा नव्हता, तिच्या जोडीला दुसरे काही न मिळण्याचाही होता. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीवर दारिद्र्याने जे लादले, ते आज आपण पैसे मोजून हौसेने का पत्करावे?

मग करावे काय? भाकरी किंवा भात थोडा कमी घ्यावा, डाळ, उसळ, अंडी किंवा मासे सोडू नयेत, पालेभाजी व कोशिंबीर वाढवावी. तळलेले, गोड व चहातील साखर कमी करावी. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालावे. आठवड्याला अर्धा किलो घट झाली तरी ती पुरेशी आहे. मधुमेहाची औषधे घेणारे, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता आणि वाढीच्या वयातील मुले-मुली यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा प्रयोग मुळीच करू नये.

विद्यार्थी मित्रांनो, अभ्यासाला डोके लागते आणि डोक्याला पोटभर, चौरस अन्न लागते. वजन सावकाश उतरू द्या, पण ताकद उतरू देऊ नका.