मिरीची निवडणी

मिरीच्या पाठीवर मधोमध भांग पडायला लागला की समजायचं, वेळ झाली. एरवी अंगासरशी बसणारे केस दोन्ही बाजूंना कलतात आणि त्यांचा पोत जुन्या काथ्यासारखा होतो. मग खांद्यावरचे पाच-सहा केस चिमटीत धरून ओढून बघायचे. सहज हातात आले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल मांडायचं. अडले, तर आणखी पंधरा दिवस थांबायचं.

मिरी बॉर्डर टेरियर आहे. आम्ही न्यूकॅसलला राहतो. इथून उत्तरेला, इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर चेव्हियट टेकड्या आहेत, तिथली ही जात. दिवसभर घोड्यांमागे धावायचं आणि कोल्हा बिळात शिरला की त्याच्या मागे आत जायचं, हे त्यांचं काम. केनेल क्लबची मान्यता १९२० सालची. टेकड्यांवरचे लोक ही कुत्री त्याच्या कितीतरी आधीपासून पाळत होते. अंगावरचे केसही त्या पावसावाऱ्याला साजेसे: वर तारेसारखा राठ थर, खाली दाट मऊ लव. पाणी वरून ओघळून जातं.

पहिल्या वर्षी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी तिला एका दुकानात नेलं आणि त्यांनी मशीन फिरवलं. दिसायला छान दिसली, पण महिन्या-दोन महिन्यांत तिचा मिरपुडीसारखा रंग धुवट झाला आणि हाताला नुसती लोकर लागायला लागली. पावसातून आली की कातडीपर्यंत भिजलेली असायची. त्या हिवाळ्यात तिला कुडकुडताना पाहून मला फार अपराधी वाटलं. हा राठ केस टोकाकडे जाड आणि गडद असतो, मुळाकडे बारीक आणि फिकट. मशीन नेमकं टोक कापतं. मेलेला केस मात्र मुळाशी तसाच राहतो.

तो हाताने उपटून काढावा लागतो, हे मला शिकवलं कोकेट नदीच्या खोऱ्यातल्या एका आजींनी. जन्मभर ही कुत्री पाळलेली बाई. त्यांनी आधी माझं मनगट धरलं. मनगट वाकलं की केस मध्येच तुटतो. ओढ दंडातून यायला हवी, आणि केस ज्या दिशेला झुकलेत त्याच दिशेला. डाव्या हाताने कातडी ताणून धरायची, उजव्या हाताने चार-सहा केसच घ्यायचे. बोटं निसटू नयेत म्हणून खडूची पूड लावायची. आदल्या दिवशी आंघोळ घालायची नाही, धुतलेले केस बुळबुळीत होतात. अर्ध्या तासात माझ्या हाताला लय सापडली, आणि ती ओळखीची होती: वर्तमानपत्र पसरून आईबरोबर मेथी निवडायची ती.

दुखत नाही का, असं घरी फोनवर सगळे विचारतात. पिकलेला केस मुळातून सुटलेलाच असतो, म्हणून मिरी टेबलावर डुलक्या काढते. पण पोट आणि मांड्यांच्या आतली कातडी फार नाजूक. तिथे मी ओढत नाही, बोथट टोकाची कात्री वापरते. अंग आक्रसलं की तो दिवस तिथेच संपवायचा. पाठ आज, मागचे पाय उद्या. नसबंदीनंतर बऱ्याच कुत्र्यांचे केस लोकरी होतात, ते असे निघत नाहीत. म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्याला तासन्‌तास टेबलावर उभं करणं मला पटत नाही. तिथे मशीनच बरं.

निघालेले केस मी अंगणात टाकत नाही. पिसवांसाठी मानेवर सोडतात त्या औषधाचा अंश केसांत राहतो, आणि इथले पक्षी घरट्यात अंथरायला केस उचलून नेतात.

सगळं झालं की मिरी निम्मी दिसते. अंगावर फक्त लव. थंडीत तिला स्वेटर घालावा लागतो, उन्हात सावलीत ठेवावं लागतं. पहिले काही आठवडे काहीच घडत नाही. यंदा आठव्या आठवड्यात, रात्री ती मांडीवर झोपली असताना, मी शेपटीकडून मानेकडे उलटा हात फिरवला. तळव्याला खरखर लागली. दिवा लावून पाहिलं, तर लवेतून गडद टोकं वर आली होती.