खोडदची तबकडी आणि आयसोमेट्रिक चित्र

ऑटोकॅडमध्ये आयसोमेट्रिक ड्रॉइंग (तिन्ही अक्षांवर एकच माप धरून काढलेले चित्र) म्हणजे थ्रीडी मॉडेल, असा समज सर्रास आढळतो. चित्र फसवेच असते, पण ते सपाट कागदावरचेच. ठिपक्यांच्या रांगोळीत खोका उठून दिसतो, म्हणून अंगण उचलले जात नाही. या चित्राला फिरवून मागची बाजू पाहता येत नाही.

मांडणी सोपी आहे. ‘आयसोड्राफ्ट’ चालू केले की कर्सर ३० अंशांच्या तिरक्या रेषांवर येतो. एफ५ दाबत वरचे, डावे, उजवे प्रतल (पृष्ठ) बदलत जायचे.

खरी गोची वर्तुळाची. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ-दुर्बीण केंद्रातल्या ३० दुर्बिणींपैकी एक घ्या. तबकडीचा व्यास ४५ मीटर. ती आकाशाकडे सरळ वर तोंड करून असेल, तर तिची कड वरच्या प्रतलात येते. तिथे ‘सर्कल’ नको. ‘इलिप्स’मधला ‘आयसोसर्कल’ पर्याय घ्यावा. आयसोमेट्रिक चालू नसेल तर तो दिसतच नाही, आणि पुष्कळजण इथेच अडकतात. त्रिज्या २२.५ द्या. आता लंबवर्तुळाची सर्वांत मोठी रुंदी मोजली तर सुमारे ५५ मीटर भरते! चित्र चुकलेले नसते. खरे माप फक्त अक्षांना समांतर रेषांवरच मिळते. तिथे ४५च येतात.