चिमूटभर अंडी, बाटलीभर खारं पाणी

फिशटँकमध्ये पिल्लं दिसली की मुलं घर डोक्यावर घेतात. 'अम्मी, गप्पीला बच्चे झाले!' आठवडाभरात मात्र त्यातली बरीच दिसेनाशी होतात आणि मुलांचा चेहरा उतरतो. काही पिल्लं मोठे मासे गिळतात, म्हणून ती लगेच वेगळ्या भांड्यात काढावीत. पण वेगळी काढूनही मरतात, ती बहुतेकदा भुकेने. बाजारातलं कोरडं खाद्य त्यांच्या तोंडात मावत नाही. ते तळाशी बसून कुजतं आणि पाणी बिघडवतं. पिल्लांना लागतं बारीक आणि हलणारं खाद्य.

त्यावर जुना, खात्रीचा उपाय आहे आर्टेमिया. ही खाऱ्या पाण्यातली इवलीशी कोळंबीवर्गीय जीवजात. अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमध्ये ती विपुल आहे, आपल्याकडे मिठागरांतही आढळते. पाणी आटू लागलं की मादी जाड कवचाची अंडी सोडते. आतला गर्भ वाढ थांबवून कोरड्यात वर्षानुवर्षं तग धरतो आणि पाणी मिळताच जागा होतो. ही वाळलेली अंडी तपकिरी भुकटीसारखी दिसतात. ॲक्वेरियमच्या दुकानात लहान डबी मिळते.

तयारी

कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली धुऊन तिचा तळ कापा. झाकण घट्ट लावून ती उलटी टांगा. रात्रभर ठेवलेलं एक लिटर पाणी ओता, त्यात २५ ग्रॅम जाडं मीठ विरघळवा आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. एअरपंपची नळी वरून सोडून पार तोंडापर्यंत न्या, म्हणजे बुडबुडे तळातून उठतील. आता अर्धा चहाचा चमचा अंडी टाका. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात शिरतं. जवळ एक दिवा लावून ठेवा.

पाणी २६ ते २८ अंश असेल तर साधारण २४ तासांत पिल्लं निघतात. इशाच्या नमाजनंतर लावलं तर दुसऱ्या रात्री त्याच सुमारास तयार. थंडीत ३६ तासही लागतात, घाई करू नका.

काढायचं कसं

पंप बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात. खालच्या बाजूला टॉर्च धरली की नारिंगी जीव उजेडाकडे जमतात. बारीक नळीने तेवढेच ओढून घ्या. जुन्या सुती ओढणीचा दुहेरी तुकडा गाळणीवर पसरून गाळा आणि साध्या पाण्याने धुवा. खारं पाणी आणि टरफलं पिल्लांच्या भांड्यात जाऊ देऊ नका. टरफलं पचत नाहीत.

दिवसातून दोन-तीनदा, थोडं थोडं द्या. किती द्यायचं हे पिल्लंच सांगतात: पारदर्शक पोटं नारिंगी झाली की पुरे. गोड्या पाण्यात हे जीव काही तासच जगतात, मेलेले लगेच काढा. उरलेले खाऱ्या पाण्यातच फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वापरा, पण जन्मताना सोबत आणलेलं पोषण ते झपाट्याने खर्च करतात, म्हणून ताजे उत्तम. अंड्यांची डबी घट्ट बंद करून कोरडी ठेवा.

गप्पी, मॉली, गोल्डफिशची पिल्लं हे खाद्य सहज खातात. गौरामीची फारच बारीक असतात, त्यांना आधीचे काही दिवस याहून सूक्ष्म जीवांचं खाद्य लागतं.

हे काम मुलांच्या हाती द्या. अंडी कोण टाकणार, गाळणार कोण, हे ठरवून द्या. काचेत कोंडलेला मुका जीव स्वतःचं अन्न शोधायला कुठे जाऊ शकत नाही, तो आपल्याकडे अमानत आहे. शाळेतून आल्यावर खेळायला पळण्याआधी मुलाने ती नारिंगी पोटं बघितली, तर ही गोष्ट त्याला वेगळी समजवावी लागणार नाही.