एका एकरावर १५ लाख पोती

दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच खोलीतल्या हवेत किती नायट्रोजन असतो? सुमारे २२ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात तो ४६ टक्के असतो, म्हणजे २०.७ किलो. खताचं अख्खं पोतं भरेल एवढा नायट्रोजन घरातल्या साध्या खोलीत फुकट असतो.

आता शेतात चला. जमिनीच्या दर चौरस मीटरवर हवेचा भार सुमारे १० टन. त्यातला पावणेआठ टनांच्या आसपास नायट्रोजन. एका एकरात ४,०४७ चौरस मीटर. गुणाकार केला की एकरभर जमिनीच्या डोक्यावर ३१ हजार टन नायट्रोजन निघतो. पोत्यांत मोजला तर १५ लाख पोती! आणि त्याच एकरातलं पीक नायट्रोजनवाचून पिवळं पडतं.

कारण हवेतल्या नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून असतात. पिकाला तो बंध तोडता येत नाही. विजेच्या लोळाला येतो आणि तूर, हरभरा, मूग यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणाऱ्या रायझोबियम जिवाणूंना येतो. हरभऱ्याच्या बेवडावर पुढचं पीक चांगलं येतं, ते याचमुळे.

माणसाला हे जमायला विसावं शतक उजाडावं लागलं. त्याआधी युरोपची शेतं पेरूच्या बेटांवरची पक्ष्यांची विष्ठा आणि चिलीच्या वाळवंटातला सोरा यांवर पोसली जात होती. हे साठे संपले की गहू पुरणार नाही, असा इशारा ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी १८९८ मध्ये दिला. १९०९ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथे फ्रिट्झ हाबर यांनी नायट्रोजन आणि हायड्रोजन प्रचंड दाबाखाली तापवून अमोनिया थेंबाथेंबाने गोळा करून दाखवला. वेग होता तासाला १२५ मिलिलिटर. कार्ल बॉश यांनी ते कारखान्यात उतरवलं. स्वस्त उत्प्रेरक शोधताना अल्विन मिटाश यांच्या चमूने अडीच हजारांवर मिश्रणं तपासली; शेवटी लोखंडावर आधारित मिश्रण कामी आलं. १९१३ मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला.

आज जगात वर्षाला सुमारे १८ कोटी टन अमोनिया तयार होतो, म्हणजे दर सेकंदाला पाच टनांहून अधिक. आपल्या अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यातही याच पद्धतीने अमोनिया आणि त्यापासून युरिया होतो. १९०० साली जगाची लोकसंख्या सुमारे १६० कोटी होती. आज ती ८०० कोटींवर आहे. यातल्या जवळपास निम्म्या लोकांचं अन्न या खताविना पिकलं नसतं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

साठ किलोच्या माणसात पावणेदोन-दोन किलो नायट्रोजन असतो: स्नायूंत, रक्तात, पेशींच्या डीएनएत. जगाची सरासरी धरली तर त्यातला जवळपास निम्मा कधीतरी कारखान्याच्या नळीतून गेलेला असतो.

म्हणूनच तो वाया जातो हे मला अस्वस्थ करतं. शेतात टाकलेल्या नायट्रोजनपैकी ढोबळमानाने निम्माच पिकाला मिळतो. उरलेल्यातला काही नायट्रेट होऊन विहिरीत झिरपतो, काही नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरून ठेवतो. अनुदानामुळे युरियाचं पोतं २६६ रुपयांच्या आसपास मिळतं, म्हणून हात सैल सुटतो. माती तपासून, पिकाच्या गरजेप्रमाणे, हप्त्याहप्त्याने दिलेलं खत कमी लागतं आणि जास्त लागू पडतं. मधल्या हंगामात मूग, हरभरा किंवा ताग घेतला, तर जमिनीतले जिवाणू कोणत्याही भट्टीशिवाय, साध्या उन्हा-पावसात हेच काम करतात. डोक्यावरच्या त्या १५ लाख पोत्यांतलं एखादं पोतं जमिनीत उतरवायला एवढं पुरतं.