पिसवांचा बाजार

निवृत्त माणसास वेळ कसा घालवावा ही विवंचना असते, असा समज आहे. गेल्या आठवड्यांत आम्हां उभयतांस जेवावयासहि फुरसत नव्हती. बुधवारीं ‘उपासना संगीता’तील गीतांची तालीम, रविवारीं उपासना, आणि मध्यें, शनिवारीं, चर्चच्या आवारांत जुन्या वस्तूंची विक्री!

अशा विक्रीस युरोपांत ‘पिसवांचा बाजार’ म्हणतात. पॅरिस शहरांतून हुसकलेले चिंधीवाले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेशीबाहेर सँतुआँ येथें जुने कपडे, गाद्या मांडीत. त्यांत पिसवा असावयाच्याच, असा लोकांचा तर्क. तेथील बाजार अद्याप भरतो.

आमच्या कपड्यांत पिसवा नव्हत्या. पत्नीनें सारे उकळून काढले होते. अवघड काम किंमत लावण्याचें. फुकट दिलें तर घेणाराची मान खालीं जाते. म्हणून सदऱ्यासहि पांच रुपये ठेवावयाचे. शेवटीं तिनें आमच्या दिवंगत मुलाचा कोट काढला. “अहो, भाव तुम्हीच लिहा.” मीं चिठ्ठी कोरीच ठेविली.

शनिवारीं एका तरुणानें तो अंगांत घालून पाहिला. बाह्या किंचित् लांब होत्या.

“केवढ्यास, आजी?”

“वीस रुपये,” ती म्हणाली, आणि बाह्या दुमडून देऊं लागली.