पाठीवरचे बिऱ्हाड

साठी उलटलेल्या दोन गृहस्थांनी पाठीवर पिशव्या टाकून परदेशी भटकायला निघावे, ही कल्पना आमच्या घरात कोणालाच रुचली नाही. "कॉलेजातली पोरं जातात तसं?" सूनबाईंनी डोळे विस्फारून विचारले. आमच्या सौ. मात्र एवढेच म्हणाल्या, "जा, पण भावजींना सांभाळून आणा."

भावजी म्हणजे माझा मित्र. नाव छापायला त्याने सक्त मनाई केली आहे, तेव्हा 'मित्र' एवढ्यावरच भागवतो. गिरगावातल्या एकाच चाळीत आम्ही वाढलो. वहिनी जाऊन वर्ष होत आले होते आणि त्या वर्षात हा गृहस्थ दूध नि वर्तमानपत्र आणण्यापलीकडे घराबाहेर पडला नव्हता. त्याला हलवायचेच, असा मी चंग बांधला.

बेत सोपा होता. विमानाने बँकॉकला उतरायचे, आगगाडीने नि बसने दक्षिण थायलंडचे समुद्रकिनारे गाठायचे आणि तसेच खाली मलेशियातल्या पेनांगला जायचे. सहलकंपनी नाही, मार्गदर्शक नाही. विंचवासारखे बिऱ्हाड पाठीवर. माझी पिशवी सात किलोंची. मित्राची बारा! तीत मेतकूट, पोह्यांचा चिवडा, लिंबाचे लोणचे, छत्री आणि स्टीलचा डबा. माझ्या पिशवीत मात्र एक वही होती: डावीकडे हिशेब, उजवीकडे तासवार कार्यक्रम. पुढे जे झाले त्याचे मूळ त्या वहीत आहे.

बँकॉकमध्ये आम्ही खाओ सान रस्त्याजवळ खोली घेतली. 'खाओ सान' म्हणजे सडलेला तांदूळ. एके काळी इथे तांदळाचा बाजार भरत असे. १९८० नंतर स्वस्त खोल्या निघाल्या आणि पाठीवर पिशव्या घेतलेल्या जगभरच्या तरुणांची ती पेठच झाली. या भटक्यांना वाट दाखवली ती टोनी आणि मॉरीन व्हीलर या दांपत्याने. थोडक्या पैशांत आग्नेय आशिया कसा पाहावा, हे सांगणारे त्यांचे पिवळ्या वेष्टनाचे पुस्तक १९७५ साली निघाले. त्या तरुण घोळक्यात आमची दोन टकले तेवढी उठून दिसत होती.

शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना. थायलंडात भाजीतसुद्धा माशांच्या खारवलेल्या रसाचे चार थेंब पडतात. 'जे' हा शब्द पाठ करावा. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत तो लिहिलेला दिसला, की निर्धास्त आत शिरावे. मित्राने दुसऱ्याच दिवशी अशी एक गाडी शोधली आणि चिवड्याचा डबा तूर्त मिटला.

राजवाडा पाहायला गेलो. बँकॉक ही राजधानी वसवली १७८२ साली, पहिल्या राम राजाने. त्या घराण्यातले राजे आजही 'राम' म्हणूनच ओळखले जातात. राजवाड्यातल्या देवळाच्या ओवऱ्यांत सगळे रामायण भिंतीवर रंगवले आहे. तिथला हनुमान मात्र ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना समुद्रातली एक मत्स्यकन्या आडवी येते आणि मारुतीराय चक्क तिच्या प्रेमात पडतात! मित्र वर्षभरात प्रथमच खळखळून हसला. मग सीतेच्या एका चित्रापाशी तो रेंगाळला. मी घड्याळ पाहिले. वहीत पुढचा मुक्काम होता वाट फो मंदिरातला ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध. मी त्याला दंडाला धरून ओढले.

"थाई भाषेत वेळेला काय म्हणतात ठाऊक आहे?" तो चालता चालता म्हणाला. "वेला! शब्द आपलाच. पण वेळ यांच्याकडे आहे. तुझ्याकडे नुसतं टाइमटेबल."

मी ते हसण्यावारी नेले. चुकलोच.

रात्रीच्या गाडीने सुरत थानी, तिथून बसने क्राबी आणि मग लांब शेपटीच्या होडीतून रेल्ले. रेल्लेला जमिनीची वाट नाही. चुनखडीच्या उंच कड्यांनी ती वाट अडवली आहे. होडीतून उतरलो की गुडघाभर पाण्यातून, पिशवी डोक्यावर घेऊन किनाऱ्याला लागायचे. समोर हिरवे पाणी, मागे सरळ उभे सुळके. मी वही काढली आणि म्हणालो, "उद्या सकाळी आठला निघायचं. चार बेटं, मग फी फी, मग..."

"मी येत नाही."

"अरे, पैसे भरायचेत!"

"तू मला हिंडवतोयस, की पोहोचवतोयस?" त्याचा आवाज चढला. "वर्षभर जो भेटतो तो म्हणतो, मन रमव, मन रमव. मला रमवू नका. मला जरा बसू द्या!"

पन्नास वर्षांच्या मैत्रीत असा आवाज मी ऐकला नव्हता. रात्री जेवण मुक्यानेच झाले. सकाळी मी एकटाच होडीत बसलो, तोही रागाने.

त्या होडीने मला फी फी बेटांतल्या माया खाडीला नेले. तिन्ही बाजूंनी कडे आणि मध्ये पांढऱ्या वाळूची चंद्रकोर. २००० साली आलेल्या एका हॉलिवूडच्या चित्रपटाचे चित्रण इथे झाले आणि साऱ्या जगाची रीघ लागली. पुढे पुढे दिवसाला पाच हजारांच्या आसपास माणसे येऊ लागली. होड्यांच्या नांगरांनी प्रवाळ मोडले, पाणी गढुळले. अखेर जून २०१८ मध्ये थायलंडने ती खाडी बंद केली. तिच्यावर लोक पोट भरत होते, तरी बंद केली. साडेतीन वर्षे कोणी फिरकले नाही. प्रवाळाची रोपे पुन्हा लावली, काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क मासे आपले आपण परत आले आणि जानेवारी २०२२ मध्ये खाडी उघडली. आता होडी मागच्या बाजूला लागते, तिथून चालत यायचे. पोहायला मनाई, माणसांची संख्या ठरलेली आणि वर्षातले काही महिने खाडीला सुट्टी.

किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातून एक छोटा शार्क सावलीसारखा सरकत गेला. मी बघत राहिलो. दुखावलेल्या जागेला लोकांनी येऊन बरे केले नव्हते. लोक गेले तेव्हा ती बरी झाली. माझा राग तिथेच उतरला.

संध्याकाळी परतलो तो मित्र सकाळी होता तिथेच, एका झाडाखाली. शेजारी फोडलेला नारळ. मी काही न बोलता बसलो. बऱ्याच वेळाने तो बोलू लागला. वहिनींच्या दुखण्याचे शेवटचे दोन महिने त्याने मला प्रथमच सांगितले. मी मध्ये एक शब्द बोललो नाही. मला वाटते, पन्नास वर्षांत हेही प्रथमच.

पुढचा प्रवास वहीविना झाला. सरहद्दीवरच्या पादांग बेसार स्थानकात एकाच छताखाली थायलंडचा निरोपाचा शिक्का आणि मलेशियाचा स्वागताचा. घड्याळ एक तास पुढे करावे लागते. "गेला तुझा एक तास!" मित्र मिस्कीलपणे म्हणाला. बटरवर्थहून फेरीबोटीने पेनांगच्या जॉर्ज टाउनला उतरलो. इंग्रजांनी १७८६ साली वसवलेले आणि २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात असलेले हे शहर. मशीद, चर्च, चिनी देऊळ आणि १८३३ सालचे मारिअम्मनचे मंदिर, सारे चालण्याच्या अंतरात.

आमची घरमालकीण एक तमिळ आजीबाई. ती मित्राला मलय शब्द शिकवू लागली. नाव म्हणजे 'नामा', भाषा म्हणजे 'बहासा', शिक्षक म्हणजे 'गुरू', नवरा म्हणजे 'सुआमी'.

"आणि बायको?" मी विचारले, आणि जीभ चावली.

"इस्तेरी," आजीबाई म्हणाल्या.

मित्र क्षणभर थांबला, मग हसला. "बरोबर आहे रे," तो मला मराठीत म्हणाला, "ती गेल्यापासून घराला इस्त्रीच नाही."

हसता हसता त्याने डोळे पुसले; मीही पुसले. आजीबाईंना काय झाले ते कळले नाही. त्यांनी दोघांपुढे चहा ठेवला.

वाचकहो, मित्राबरोबर अशा प्रवासाला जरूर जा. पिशवी सात किलोंची ठेवा, 'जे' हा शब्द विसरू नका आणि कार्यक्रमात एक दिवस कोराच सोडा. घरी आल्यावर आम्ही हिशेब मिटवला, तेव्हा रेल्लेच्या दिवशी मित्राच्या खात्यावर एकच बाब निघाली: एक नारळ. त्याचे अर्धे पैसे मी देऊ केले. त्याने घेतले नाहीत.